मतलई वारा, एक सुरमई आणि सोलापूरच्या दोन कयाक : एका सकाळचा प्रकरण अभ्यास

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सोलापूरच्या दोघांनी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील भोगवे किनाऱ्यावरून दोन कयाक समुद्रात लोटल्या. सकाळी ८ वाजून २० मिनिटांनी त्यांपैकी एकाच्या गळाला मोठी सुरमई लागली आणि ८ वाजून ४८ मिनिटांनी तो गृहस्थ किनाऱ्यापासून ४.१ किलोमीटरवर पाण्यात पडला. कोणालाही इजा झाली नाही. तरीही त्या सकाळची नोंद तपशिलाने ठेवावी असे मला वाटते, कारण परतल्यावर सोलापुरात तिचा जो अर्थ लावला गेला, म्हणजे ‘मासा मोठा होता, त्याने ओढून नेले’, तो माझ्या मते चुकीचा आहे. दुसऱ्या कयाकमध्ये मी होतो आणि माझ्याजवळच्या जीपीएस यंत्रात संपूर्ण मार्ग मिनिटामिनिटाने उतरलेला आहे. पुढची वेळा-अंतरे त्यातून घेतली आहेत. बाकीचे आम्हा दोघांच्या आठवणींतून, आणि जिथे त्या जुळत नाहीत तिथे मी तसे सांगितले आहे.

पाण्यात पडलेल्या गृहस्थांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवतो. वय ४६, वजन ८२ किलो, व्यवसाय टॉवेलच्या कारखान्याचा. त्यांना लहानपणापासून गळाचा नाद आहे आणि मरळ पकडण्यात त्यांचा हात धरणारा माझ्या माहितीत कोणी नाही. समुद्रावर मात्र दोघांनाही तोवर पर्यटकांच्या बोटीपलीकडचा अनुभव नव्हता. सोलापूरहून सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग घाट उतरून तळकोकण हा सुमारे चारशे किलोमीटरांचा प्रवास आहे. एवढ्या लांबून गेलेला माणूस सकाळी किनाऱ्यावर उभा राहिला की ‘आज नको’ म्हणणे त्याला जड जाते, हेही या प्रकरणातील एक कारणच समजावे.

आमची तयारी कमी नव्हती. जूनपासून सात महिने जवळजवळ प्रत्येक रविवारी आम्ही पाण्यावर होतो. कधी शहराजवळच्या हिप्परग्याच्या, म्हणजे एकरूख तलावावर, तर महिन्यातून एकदा उजनीच्या फुगवट्यावर. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्या घटनेनंतर अण्णांच्या घरून एकच अट घातली गेली होती : लाइफ जॅकेट अंगावर नसेल तर कयाक गाडीवर चढणार नाही. ही अट आम्ही एकदाही मोडली नाही, आणि पुढे जे घडले ते लिहायला मी व वाचायला अण्णा दोघेही आहोत, याचे श्रेय मी सर्वांत आधी तिलाच देतो. उलटलेली कयाक सरळ करून पुन्हा तिच्यावर चढण्याचा सरावही आम्ही केला होता. दोन्ही कयाक वर बसण्याच्या प्रकारच्या होत्या, लांबी ३.६ मीटर, रुंदी ८४ सेंटिमीटर, तळाला पाणी निथळून जाण्याची आरपार भोके. अशी कयाक उलटली तरी बुडत नाही. पलीकडच्या कडेचा पट्टा धरून ती पालथीची सरळ करायची, मग पाय मारत शरीर आडवे तरंगत ठेवून पोट आसनावर घ्यायचे आणि शेवटी कूस बदलून बसायचे, ही कृती अण्णा तलावात चाळीस-पन्नास सेकंदांत करीत असत.

या सरावातले वैगुण्य तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही. तलावात कयाक रिकामी असे. ना रॉड, ना मागची क्रेट, ना बर्फ.

दुसरे वैगुण्य याहून खोल होते आणि ते उजनीने आमच्या अंगी मुरवले होते. धरणाच्या पाण्यावर वारा त्रास देतो, थकवतो, प्रसंगी बोटही उलटवतो, पण तो तुम्हाला हरवू शकत नाही. इंदापूरच्या बाजूने सुटलेला वारा करमाळ्याच्या बाजूला नेतो आणि उलट सुटलेला परत आणतो. काही नाही तर शेवटी कोणाच्या तरी उसाच्या फडाला नेऊन लावतो. सात महिन्यांत आम्ही दोनदा असे ‘फडाला लागलो’, मोटारसायकलवरून गाडीपाशी परतलो आणि त्यावर हसलो. वारा म्हणजे उशीर, हा अर्थ मनात पक्का झाला होता. समुद्रावर, किनाऱ्याकडून सुटलेल्या वाऱ्याच्या दिशेला समोरचा काठच नसतो, ही गोष्ट नकाशा पाहून कोणालाही सांगता येईल. पण ती सांगता येणे आणि वल्हे मारताना ती अंगात असणे यांत जे अंतर आहे, तेच या प्रकरणाचे मूळ आहे.

जागा आणि वेळ

मालवणऐवजी भोगवे निवडण्याचे कारण साधे होते. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचे पाणी १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येते. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे आणि मासेमारीच्या दृष्टीने आम्हाला त्याच्या हद्दीच्या आसपासही घोटाळायचे नव्हते. भोगवे कर्ली खाडीच्या मुखाच्या दक्षिणेला, वेंगुर्ला तालुक्यात आहे. थोडे पुढे निवतीचे खडक आहेत आणि अशा खडकाळ जागी बांगडा, तारली यांचे थवे फिरू लागले की त्यांच्यामागे सुरमई येते. सुरमई तळाची नव्हे, वरच्या पाण्याची शिकारी आहे. ती वेगाने येऊन भक्ष्य कापून टाकते. म्हणूनच तिच्यासाठी आमिष स्थिर ठेवून भागत नाही. ते चालत्या होडीमागून ओढत न्यावे लागते, ज्याला ट्रोलिंग म्हणतात, आणि गळाच्या वर हातभर पोलादी तार लावावी लागते, कारण नायलॉन तिच्या दातांपुढे टिकत नाही. कयाकचा सहज वेग ताशी चार-पाच किलोमीटर असतो. मोठ्या यांत्रिक बोटींच्या तुलनेत तो फारच कमी, पण पोहणाऱ्या आमिषाला चालून जातो. शिवाय कयाकला इंजिनाचा आवाज नसतो.

त्या दिवशी अष्टमी होती. कोकणातील मच्छीमार तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात : आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास पुरी आणि तेथून दुपारी बारापर्यंत ओहोटी. अष्टमीचे पाणी भांगाचे असते, उधाणासारखा त्याला जोर नसतो, म्हणून ओहोटीची आम्ही फारशी दखल घेतली नाही. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा सागरी अंदाज आदल्या रात्री पाहिला होता; लाटांची उंची कमी होती आणि कोणताही इशारा नव्हता. ज्यांच्या अंगणात आम्ही उतरलो होतो त्या वयस्क तांडेलांनी, म्हणजे मच्छीमार होडीच्या प्रमुखांनी, मात्र रात्री जेवताना एक वाक्य टाकले होते : हे मतलईचे दिवस आहेत, वारा पडेपर्यंत लांब जाऊ नका.

थंडीच्या दिवसांत रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि पहाटेपासून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. तो मतलई. ऊन चढले, जमीन तापली की तो मंदावतो, मध्ये काही काळ पाणी तेलासारखे शांत होते आणि दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. हे चक्र शाळेच्या भूगोलात आहे आणि आम्हाला ते पाठही होते. तरीही सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी किनाऱ्यावर उभे राहून पाहिले तेव्हा समुद्र आरशासारखा दिसत होता. मतलईची फसवणूक येथेच असते : किनाऱ्यालगत वाऱ्याला लाट उभी करण्याइतके मोकळे पाणी मिळालेले नसते, म्हणून काठावरून पाहणाऱ्याला वारा जाणवतो पण समुद्र सपाट दिसतो. लाट वाढते ती पुढे, दोन-तीन किलोमीटरांनंतर. त्यात आम्ही वारा पाठीवर घेऊन निघालो होतो. वाऱ्याच्या दिशेने जाणाऱ्याला वारा कमी भासतो, हे सायकल चालवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

सुरमई लागल्यापासून

आम्ही ठरवले होते की तीन किलोमीटरांच्या पुढे जायचे नाही. ३.२ किलोमीटरवर वळण्याच्या बेतात असतानाच अण्णांच्या रिळाचा आवाज झाला. पहिल्या धावेत तिने सुमारे दीडशे मीटर दोरी नेली. तिथपर्यंतचे सर्व काही अण्णांनी उत्तम केले असे मी म्हणेन. त्यांची विणीव दोरी ३० पौंडांची, म्हणजे साडेतेरा किलोंच्या थोडी वर ताण सहन करणारी होती. रिळाचा ड्रॅग, म्हणजे ज्या ताणाला रीळ दोरी सोडू लागते तो, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवावा असा संकेत आहे. अण्णांनी तो कारखान्यातील लटकत्या काट्याला दोरी बांधून साडेतीन किलोंवर बेतला होता. रॉडचे टोक त्यांनी कयाकच्या नाकाकडे ठेवले, त्यामुळे मासा बाजूने न ओढता समोरून ओढू लागला आणि कयाक त्याच्या दिशेला वळून त्याच्या मागे चालू लागली. कयाकवरून मोठा मासा पकडण्याचे मर्म हेच आहे. होडी हलकी असल्यामुळे तीच ड्रॅगचे काम करते, दोरीवर झटका बसत नाही आणि मासा स्वतःच्या मागे एक माणूस व एक नाव ओढत थकतो.

दुसऱ्या धावेनंतर मात्र अण्णांनी ड्रॅग सैल केला. तार तुटेल किंवा गळ सुटेल अशी भीती त्यांना वाटली, असे ते सांगतात. सात महिने सोलापुरात बसून वाट पाहिलेला मासा हातचा जाऊ नये ही ओढ मी समजू शकतो, पण त्या एका सैल वळशाने झुंज लांबली. सुरमई सुरुवातीला तुफान धावते आणि तुलनेने लवकर दमते; ताण कायम राहिला असता तर ती बारा-पंधरा मिनिटांत बाजूला आली असती असा माझा अंदाज आहे. प्रत्यक्षात २८ मिनिटे लागली. या २८ मिनिटांत दोघांपैकी कोणीही एकदाही मागे वळून किनाऱ्याकडे पाहिले नाही. अण्णांचे सोडा, त्यांचे लक्ष असायला हवे होते तेथेच होते. माझ्याकडे दुसरे कामच नव्हते. मी मोबाइलवर चित्रीकरण करीत होतो.

८ वाजून ४८ मिनिटांनी मासा डाव्या कुशीला आला. लांबी सव्वा मीटरच्या आसपास असावी, वजन बारा ते पंधरा किलो. (सोलापुरात हा आकडा आता वीसच्या पुढे गेला आहे आणि पुढच्या गड्डा यात्रेपर्यंत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेपर्यंत, कुठे पोहोचेल ते सिद्धेश्वरच जाणे.) अण्णांनी डाव्या हाताला टॉवेलची घडी गुंडाळून तार धरली आणि उजव्या हातात गॅफ, म्हणजे दांड्याला बसवलेला मोठा आकडा, घेतला. मदत करावी म्हणून मी माझी कयाक पुढे घातली आणि नेमकी तीही त्यांच्या डाव्या बाजूलाच. आमच्या आठवणी येथे वेगळ्या होतात. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या कयाकची सावली पाहून मासा दचकला. मला आठवते की आकडा खांद्याऐवजी शेपटीकडे लागला आणि त्यामुळे तो उसळला. कदाचित दोन्ही खरे असेल. मासा अण्णांच्या कयाकखालून उजवीकडे गेला, तारेसह त्यांचा हात खाली ओढला गेला आणि कयाक डावीकडे पालथी झाली.

येथे थोडे गणित मांडतो, कारण ‘माशाने उलटवले’ हे विधान त्यावर तपासता येते. साडेतीन किलोंचा ताण रॉडच्या टोकाशी, पाण्यापासून मीटरभर उंचीवर, पूर्णपणे बाजूने लागला असे धरले तरी तो कयाक कलवण्यासाठी साडेतीन किलोग्रॅम-मीटर मापाचा, म्हणजे मीटरभर काठीच्या टोकाला साडेतीन किलो टांगल्याइतका जोर देतो. याउलट ८२ किलोंच्या माणसाचे कंबरेवरचे शरीर साधारण ५० किलोंचे असते. ते ३० सेंटिमीटर बाजूला झुकले की त्याच काठीच्या टोकाला पंधरा किलो टांगल्याचा परिणाम होतो. म्हणजे झुकलेला माणूस माशाच्या चौपटीहून अधिक कयाक कलवतो. मासा लागल्यापासून २८ मिनिटे कयाक स्थिर होती, कारण त्या काळात अण्णा मधोमध बसून होते. उलटली ती ते बाहेर झुकल्यावर. माशाने दिलेला शेवटचा हिसका हे निमित्त.

पाण्यात पडल्यावर खरी भीतीची गोष्ट घडली, जिचा तलावात कधी विचारही केला नव्हता. आमिषाच्या पोटाखाली दोन तिहेरी गळ होते. पुढचा सुरमईच्या जबड्यात होता आणि मागचा अण्णांच्या जॅकेटच्या खांद्याजवळील खिशाच्या पट्टीत घुसला. बारा-पंधरा किलोंचा जिवंत मासा दोन वितींवर अण्णांना जोडला गेला. जॅकेटच्या छातीवर बांधलेल्या सुरीने त्यांनी ती पट्टी कापली. मी रिळाची दोरी कापून टाकली. मासा आमिष, तार आणि चाळीसेक मीटर दोरी घेऊन गेला. तोंडात लोखंड घेऊन गेलेला मासा जगतो की नाही याबद्दल आम्ही परतीच्या प्रवासात पुष्कळ बोललो. त्यात सांगण्यासारखे काही निष्पन्न झाले नाही.

कयाक सरळ झाली, पण अण्णा तिच्यावर चढू शकेनात. आसनामागे ४५ सेंटिमीटर उंचीची प्लास्टिकची क्रेट घट्ट बांधलेली होती आणि तिच्यात बर्फाच्या बाटल्या भरल्या होत्या. हा बर्फ हौसेचा नव्हता. सुरमई, बांगडा आणि कुपा हे एकाच कुळातले मासे आहेत. ते उन्हात राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामिन साठते, शिजवूनही ते जात नाही आणि खाणाऱ्याला विषबाधा होते. म्हणजे निष्काळजीपणामुळे नव्हे, तर एका रास्त काळजीपोटी आलेली नऊ किलोंची उंच क्रेट, कयाकवर पोट घेताना अण्णांच्या पायांच्या आड आली आणि नऊ किलो वर असल्यामुळे कयाक दोनदा पुन्हा त्यांच्या अंगावर कलंडली. तिसऱ्या वेळी क्रेटची दोरी कापून ती सोडून दिली आणि मी पलीकडची कड धरून ठेवली तेव्हा ते वर आले. चाळीस सेकंदांच्या कामाला सोळा मिनिटे लागली. पाणी उबदार होते म्हणून थंडीने शक्ती गेली नाही, एवढेच.

अण्णांचे वल्हे मात्र गेले होते. ते कयाकला बांधून ठेवण्याची लवचीक दोरी गळाच्या दोरीत अडकते म्हणून त्यांनी झुंजीच्या सुरुवातीला स्वतःच सोडली होती. जोडाचे वल्हे नेहमीप्रमाणे गाडीत राहिले होते, कारण सात महिन्यांत त्याची गरज एकदाही पडली नव्हती.

मी त्यांची कयाक ओढत न्यायची असे ठरले. माझ्याकडे ओढदोरीचे दोन तुकडे होते आणि अण्णांनी ते जोडले ते हातात बसलेल्या गाठीने : विणकराच्या. मागावर ताण्याचा धागा तुटला की सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या जी मारली जाते, तीच ही गाठ खलाशीही दोन दोर जोडायला वापरतात. सुती धाग्यावर ती घट्ट बसते, कारण सूत एकमेकांना धरते आणि मागावर ताण सतत असतो. आमची दोरी गुळगुळीत नायलॉनची होती आणि लाटेच्या चढउताराने ताण क्षणात लागत होता, क्षणात सुटत होता. अठराव्या मिनिटाला गाठ आपोआप सुटली आणि अण्णांची कयाक मागे राहिली, ते मला तीसेक मीटर पुढे गेल्यावर कळले. पुढच्या वेळी आम्ही त्याच गाठीला एक वेढा जास्त दिला, ती टिकली.

किनाऱ्यावर थांबलेल्या अण्णांच्या मेहुण्यांना आम्ही ९ वाजून १० मिनिटांनी फोन केला. रेंज होती, हे नशीब. ते तांडेलांकडे धावले, पण ओहोटीमुळे होडी वाळूवर होती, इंजिन घरी काढून ठेवलेले होते आणि होडी लोटायला चार माणसे जमवावी लागली. होडी आमच्यापाशी पोहोचली तेव्हा १० वाजून ५० मिनिटे झाली होती. त्याआधी तासाभराहून अधिक काळ ओढून मी जेमतेम सहाशे मीटर कापले होते. गंमत अशी की १० वाजून ३० मिनिटांच्या सुमारास वारा पडलाच होता. तांडेलांनी होडी लावताना पाण्याकडे पाहिले आणि म्हणाले की अजून तासभर गप्प बसला असतात तर खाऱ्या वाऱ्याने तुम्हाला आपणच घरी आणले असते. पेट्रोलचे पैसे त्यांनी घेतले, मेहनतीचे घेतले नाहीत. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा मात्र ठेवून घेतला.

मार्गाची नोंद काय सांगते

मासा लागला तेव्हा अंतर ३.२ किलोमीटर होते आणि कयाक उलटली तेव्हा ४.१. म्हणजे २८ मिनिटांत ९०० मीटर, ताशी सुमारे १.९ किलोमीटर. आता पुढची १६ मिनिटे पाहू. या काळात मासा नव्हता, कोणी वल्हे मारत नव्हते, आम्ही कयाकला धरून धडपडत होतो. तरीही अंतर ४५० मीटरने वाढले, म्हणजे ताशी सुमारे १.७ किलोमीटर. या वेगाने २८ मिनिटांत आम्ही माशाशिवायही जवळजवळ ८०० मीटर वाहून गेलो असतो. माशाच्या वाट्याला शंभर-सव्वाशे मीटर येतात. बाकी सगळे वाऱ्याचे आणि ओहोटीचे. दोन्ही वेळा वाहून जाणारी वस्तू एकसारखी नव्हती, हा आक्षेप योग्य आहे : पालथी कयाक आणि पाण्यात लोंबकळणारा माणूस वाऱ्याला कमी तोंड देतात. पण तो आक्षेप माझ्याच बाजूने जातो. पालथी असताना एवढे वाहिलो, तर सरळ बसलेले असताना वाऱ्याने त्याहून अधिक नेले असणार.

म्हणून ‘मासा सोडून द्यायला हवा होता’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. गळ लागलाच नसता तरी, ३.२ किलोमीटरवर वाऱ्याच्या तोंडावर वळून परतायला आम्हाला जी दमछाक झाली असती ती ठरलेलीच होती. माशाने तिचे रूपांतर संकटात केले. चूक सात वाजून दहा मिनिटांची आहे. आम्ही अंतराची मर्यादा ठरवली, वाऱ्याची ठरवलीच नाही. उजनीवर तीन किलोमीटर म्हणजे कोणत्याही वाऱ्यात तीन किलोमीटरच असतात. मतलईत बाहेर जातानाचे तीन आणि परतीचे तीन सारखे नसतात.

आणखी एक निर्णय मला खटकतो आणि तो सर्वस्वी माझा होता. तटरक्षक दलाचा १५५४ हा आपत्कालीन क्रमांक माझ्या जॅकेटवर लिहिलेला होता. मी तो फिरवला नाही. होडी येतेच आहे, उगाच गवगवा कशाला, असे वाटले. होडीला तासभर उशीर होत असताना आमची कोणालाही अधिकृत खबर नव्हती. तेव्हाच कळवून, पुढे सुखरूप आहोत असे पुन्हा कळवता आले असते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते.

अण्णांशी माझा मतभेद एका मुद्द्यावर कायम आहे. त्यांच्या मते मी जवळ आलो नसतो तर सुरमई क्रेटमध्ये असती. माझ्या मते त्यांनी गॅफ घाईने मारला. त्या जागी दोन पाय पाण्यात सोडून कयाकवर आडवे बसायला हवे होते, म्हणजे झुकण्याची गरजच पडली नसती, आणि मासा पुरता गळून कुशीवर पडेपर्यंत थांबायला हवे होते. मी जवळ जायला नको होते हे मात्र मी मान्य केले आहे. सोबत्याचे काम दुसरे असते. त्याने वाऱ्याच्या वरच्या अंगाला, वीस-तीस मीटर दूर राहावे, दर पाच मिनिटांनी किनाऱ्याचे अंतर मोठ्याने सांगावे आणि आधी ठरलेल्या अंतराला ‘कापा’ म्हणावे. मोठ्या माशाशी झुंजणाऱ्या माणसाकडून हा निर्णय होत नाही, हे मी २८ मिनिटे जवळून पाहिले.

पुढच्या खेपेसाठी आम्ही जे बदलले आहे त्यातले बरेचसे क्षुल्लक वाटेल : क्रेट बुटकी आणि एका ओढीत सुटणारी, मागच्या तिहेरी गळाच्या जागी एकेरी गळ, जोडाचे वल्हे कयाकच्या पोटात, आणि तलावातला सराव संपूर्ण सामानासह. पहिल्यांदा अण्णांनी सामानासह कयाक उलटवली तेव्हा हिप्परग्याच्या काठावर धुणे धुणाऱ्या बायकांनी आरडाओरडा केला होता. पाण्यात सोडायची छत्री, जी वाऱ्यात कयाकचे वाहणे पुष्कळ कमी करते, आम्ही घेतली आहे. पण झुंजणाऱ्या कयाकवरून ती सोडली तर गळाच्या दोरीत गुंतेल, म्हणून ती सोबत्याच्या कयाकवर राहील. वेळापत्रक मात्र मुळापासून बदलले आहे. वारा पडेपर्यंत किनाऱ्यालगत, दीड किलोमीटरच्या आत, किनाऱ्याला समांतर फिरायचे. साडेदहा-अकराला पाणी शांत झाले की बाहेर जायचे आणि खारा वारा पाठीवर घेऊन परतायचे. याची किंमत आहे. पहाटेची, मासा चावण्याची उत्तम वेळ दूरच्या पाण्यावर मिळत नाही आणि दुपारी किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांतून कयाक आत आणावी लागते, ज्याचा सराव सोलापूर जिल्ह्यात कुठेही करता येत नाही. तो भोगव्यालाच, उथळ पाण्यात, मासेमारीविना दोन दिवस घालवून करावा लागेल. अण्णांना हे दोन दिवस अजून मान्य नाहीत.

गड्ड्याच्या दिवसांत, अक्षता सोहळ्याच्या दुसऱ्या सकाळी, तांडेलांचा फोन आला. अण्णांचे पिवळे वल्हे निवतीच्या खडकांत अडकलेले त्यांच्या भाच्याला सापडले होते. एका पात्याला खुबे चिकटले आहेत, बाकी ठीक आहे, पडवीत टांगून ठेवले आहे, याल तेव्हा घेऊन जा, एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.